सातवीनंतर हायस्कूलला जाताय? पहिले दोन-तीन महिने असे काढा

झेडपीच्या शाळेत सातवी झाली की आमच्या पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरची पोरं आठवीला मोठ्या गावातल्या हायस्कूलला येतात. मी अशाच एका हायस्कूलात आठवीची वर्गशिक्षिका आहे आणि दर जूनला पालकांचा एकच प्रश्न असतो, मॅडम अभ्यास झेपेल ना? अभ्यास झेपतो हो. आधी अंगावर येते ती एवढी मोठी शाळा. गावात वर्गात दहा-पंधरा पोरं, गुरुजींना कुणाच्या घरात काय चाललंय ते पण माहीत, आणि इथं एका तुकडीत साठ पोरं, प्रत्येक विषयाला वेगळे सर नाहीतर मॅडम, तास संपला की ते निघून जाणार आणि तुम्ही म्हणजे हजेरीतला एक रोल नंबर. माझं तर स्पष्ट मत झालंय की शाळेतलं निदान एक मोठं माणूस पोराला नावानं ओळखायला लागलं की बाकीचं बरंचसं आपोआप मार्गी लागतं.

म्हणून पालकांना सांगते, दाखला आणि आधार कार्ड ऑफिसात देऊन परस्पर घरी जाऊ नका, वर्गशिक्षकांना दोन मिनिटं भेटा. पोरगं कशात चांगलं आहे ते सांगा, कबड्डी, चित्रकला, पाढे, काहीही चालेल. चष्मा लागतो का, दम्याचा त्रास आहे का, आणि एसटी कितीला येते हे तर नक्की सांगा. जून-जुलैत आमच्याकडं पाऊस कसा असतो तुम्हाला माहितीये, गाडी लेट झाली की पोरं प्रार्थना संपल्यावर पोहोचतात आणि ओरडा बसेल म्हणून गेटवरच थांबतात, काही तर तिथनंच माघारी जातात. गाडीचा टाइम आम्हाला माहीत असला तर प्रश्नच येत नाही. पासचं पण पहिल्याच आठवड्यात उरकून घ्या, मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे आणि मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैसेच भरायला लागतात.

आता पोरांनो तुमच्यासाठी. वेळापत्रक फळ्यावर लिहिलं की लगेच उतरवून घ्या आणि दप्तराच्या आतल्या बाजूला चिकटवा. ते नसतं म्हणून नवीन पोरं सगळी वह्या-पुस्तकं रोज पाठीवर वाहतात. बेल झाली की सर वर्गात यायच्या आत पुढच्या विषयाची वही बेंचवर पाहिजे, कारण तास असतो पस्तीस-चाळीस मिनिटांचा आणि वही शोधण्यात पाच मिनिटं गेली की फळ्यावरचं पहिलं उदाहरण गेलंच म्हणून समजा, मग पुढचं काहीच लागत नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट कुणी बोलत नाही पण मी दरवर्षी बघते. बाथरूम कुठं आहे माहीत नसतं, विचारायची लाज वाटते, म्हणून पोरी दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि शेवटच्या तासाला डोकं धरून बसतात. घरनं भरून आणलेली बाटली तशीच भरलेली परत जाते. मी पहिल्याच दिवशी सगळ्या मुलींना घेऊन जाऊन बाथरूम दाखवते, पाण्याची टाकी दाखवते, पॅड कुणाकडं मागायचं ते सांगते. तुमच्या शाळेत कुणी दाखवलं नाही तर नववीच्या एखाद्या ताईला विचारा, त्या सांगतात, त्यांनी पण हेच सोसलेलं असतं.

सेमीचा वर्ग घेतला असेल, म्हणजे गणित-विज्ञान इंग्लिशमधून, तर त्यात सुरुवातीला अडखळायला होणारच. मागच्या वर्षीचा एक मुलगा अपूर्णांकात इतका पक्का होता पण डिनॉमिनेटर म्हटलं की गप्प, आणि छेद म्हटलं की उत्तर हजर! म्हणजे गणित येत होतं, फक्त नावं नवीन होती. वहीच्या शेवटच्या चार पानांवर इंग्लिश नाव आणि त्याच्या शेजारी आपलं मराठी नाव असं लिहीत जा, दिवाळीपर्यंत सवय होते. आणि हिंदी-संस्कृत संयुक्त घ्यायचं का पूर्ण हिंदी हे मैत्रीण घेतीय म्हणून ठरवू नका, संस्कृतच्या मॅडमच्या एक-दोन तासांना बसून बघा, कारण शक्यतो दहावीपर्यंत तेच न्यायचं असतं.

अभ्यासाशिवाय एक तरी गोष्ट धराच. एनसीसी, खो-खो, चित्रकला, काय आवडेल ते. कसल्याही क्लासपेक्षा ओळखी तिथं लवकर होतात, दुसऱ्या तुकडीतली पोरं भेटतात, आणि मैदानावर क्रीडाशिक्षकांना तुमचं नाव चार दिवसात पाठ होतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट परीक्षा दिल्या तर इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला जादा मार्क मिळतात, ए ग्रेडला 7.

पहिल्या घटक चाचणीत मार्क कमी पडतात, जवळजवळ सगळ्यांचेच. पालकांनो, तेव्हा मारू नका, गावातल्या शाळेत पहिला यायचा असं तर शेजाऱ्यांसमोर अजिबात बोलू नका. पेपर मागून घ्या आणि शेजारी बसून बघा, येत नव्हतं का वेळ पुरला नाही. बऱ्याचदा शेवटचे दोन प्रश्न कोरे असतात, म्हणजे लिहायचा वेग कमी पडतोय, त्याला रोज एक पान घड्याळ लावून लिहिणं हाच उपाय.

आणि एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा विसरू नका. ती आठवीतच देता येते, पास होऊन यादीत नाव लागलं तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये थेट खात्यात येतात. नववीपासून खिचडी बंद, पुस्तकं विकत, तेव्हा हे पैसे खरंच कामाला येतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे आणि सातवीला 55 टक्के, एससी-एसटीला 50. फॉर्म शाळेतूनच भरला जातो, पण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत ऐनवेळी गर्दी होते, म्हणून तो जुलैतच काढून ठेवा आणि मुलाच्या नावाचं बँक खातं आधारला लिंक आहे का तेही त्याच फेरीत बघून घ्या.