माणसांची तस्करी : आपल्याकडं होणाऱ्या या चुका टाळा

आमच्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर, चिकोडी, निपाणी भागात तस्करी म्हटलं की लोकांना वाटतं तोंड दाबून पोरीला गाडीत कोंबलं असं काहीतरी, आणि पहिली चूक इथंच होते. दलाल ओळखीतलाच असू शकतो, गोव्यात हॉटेलात काम आहे, पुण्यात घरकाम आहे म्हणून सांगतो आणि घरचेच विश्वासानं एसटीत बसवून देतात.

मग नंतर ऐकायला मिळतं, ती आपल्या मनानं गेली, केस कशी होणार? अहो होते! भारतीय न्याय संहितेचं कलम 143 (1 जुलै 2024 च्या आधी आयपीसी 370) सांगतं की फसवून, धमकावून, आमिष दाखवून शोषणासाठी नेलं तर तिचा होकार होता की नव्हता हे बघायचंच नाही. शिक्षा कमीत कमी 7 वर्षं, पोर 18 च्या आतलं असेल तर कमीत कमी 10. आणि शोषण म्हणजे फक्त धंद्याला लावणं नव्हे, भीक मागायला लावणं, गुलामासारखं राबवणं, किडनी काढणं सगळं आलं त्यात.

ऊसतोडीचं तर मला फार वाईट वाटतं. मुकादमाकडनं (टोळीला कामाला नेणाऱ्याकडनं) उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतले म्हणजे फिटेपर्यंत अडकलो असं टोळीतली माणसं स्वतःच मानतात. उचल घेणं हा गुन्हा नाही, पण त्यापायी कुणाला अडवून ठेवलं, दुसरीकडं कामाला जाऊ दिलं नाही तर ती वेठबिगारी, आणि 1976 च्या वेठबिगारी बंदीच्या कायद्यानं ते कर्जच रद्द होतं. डीसी (जिल्हाधिकारी) किंवा तहसीलदार ऑफिसात अर्ज द्या, सुटकेचा दाखला मागून घ्या.

आपल्याकडची खास अडचण हद्दीची. पोरगी कोल्हापूरहून गायब, घर बेळगावात, मग दोन्हीकडचे म्हणतात आमच्यात येत नाही. तिथनं परत फिरू नका, हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173 म्हणा. कागद कन्नडात असेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका, कॉपी फुकट मिळते. लहान पोर हरवलं तर चोवीस तास थांबायचं काही कारण नाही, सुप्रीम कोर्टानं 2013 मध्येच अशा केसला लगेच एफआयआर घ्यायला सांगितलंय. 112 किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 लावा.

आणि दलालाला फोन करून दम देऊ नका, तो पोरीला रातोरात हलवेल. त्याचे मेसेज, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. वकिलाच्या खर्चाचं टेन्शन घेऊ नका, तस्करीला बळी पडलेल्याला सरकारकडनं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, बेळगावच्या कोर्टात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात विचारा.