कर्नल अपडेटनंतर डिस्क बोंबलते आहे? १९९ नंबरची ओळ नीट वाचा

नोकरीचा चौथा महिना. शनिवारी लिनक्स सर्व्हरचा कर्नल (सिस्टमचा गाभा) अपडेट केला, रीबूट मारला आणि स्क्रीनभर 'एटीए१'वाल्या, म्हणजे पहिल्या डिस्क-पोर्टच्या, ओळी: 'फेल्ड कमांड', 'हार्ड रिसेटिंग लिंक', पुन्हा तेच. अपडेटनंतर झालं म्हणजे अपडेटनंच केलं, हे मी पाच मिनिटांत ठरवून टाकलं.

कर्नल नेहमीच निर्दोष असतो असं नाही. २०१८ च्या अखेरीस कर्नल ४.१९ मध्ये ब्लॉक लेयरच्या (डिस्ककडे वाचण्या-लिहिण्याची कामं पोचवणारा भाग) बगमुळे फाइल सिस्टम खराब होत होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये एक्स्ट४ या फाइल सिस्टमच्या घोळापायी डेबियन या लिनक्सला १२.३ आवृत्ती थांबवून थेट १२.४ काढावी लागली. पण तिथे डेटा गुपचूप बिघडत होता. लिंक रिसेट म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांचं बोलणंच तुटतंय.

ग्रबमधून (चालू होतानाच्या मेनूतून) जुना कर्नल लावून बघा, ते बरोबरच आहे. मीही बघितलं. दोन तास शांतता, म्हणून 'कर्नलचा दोष' असा मेल टाकून मोकळा झालो. संध्याकाळी जुन्या कर्नलवरही त्याच ओळी! किमान रात्रभर लोड देऊन (डिस्कला सतत कामाला लावून) बघा, मगच मेल टाका.

आता मी जिथे आपटलो ते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्या स्मार्ट रिपोर्टमध्ये ५ (बदललेले सेक्टर) आणि १९७ (वाचायला अडणारे सेक्टर) या ओळींसमोर शून्य होतं, म्हणजे सेक्टर ठणठणीत. १९९ समोर, म्हणजे सीआरसी एररसमोर (केबलवरून जाताना बिघडलेला डेटा), ३१२. सिनिअर म्हणाले, "केबल बदल." दुसऱ्या मशीनची केबल उसनी आणून लावली, रिपोर्ट काढला: ३१२. म्हटलं, सिनिअर चुकले. केबल परत केली, जुनीच लावली आणि नवी डिस्क मागवली.

अरे, तो आकडा कधी उतरतच नाही! डिस्कच्या जन्मापासूनची बेरीज आहे ती. केबल बदलल्यावर तो शून्य होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. म्हणून आधीचा आकडा वहीत लिहा, केबल बदला, लोड द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. ३१२ चे ३१२ राहिले तर जिंकलात. मी त्याचा अर्थ 'बिघाड तसाच' असा लावला. नव्या कोऱ्या डिस्कवर त्याच संध्याकाळी १९९ समोर ९ दिसले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

एनसीक्यू (डिस्कला एकदम अनेक कामं देण्याची सोय) बंद करणारा बूट पॅरामीटर टाकून गप्प बसू नका. ओळी थांबल्या तरी केबल तीच राहते. आणि १९७ वाढत असेल तर फाइल सिस्टम दुरुस्त करायला अजिबात जाऊ नका. आधी डीडीरेस्क्यू या टूलनं कॉपी घ्या. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्ती चालवली की उरलंसुरलंही जातं. न बघता 'फॉरमॅट मार' सांगणाऱ्या सिनिअरपासून लांब राहा. आधी लॉग मागणाऱ्याला चहा पाजा. बाकी घाबरू नका, लिंक रिसेट दिसला म्हणजे डेटा गेलाच असं नसतं.

आणि हो, रीबूटनंतरच का झालं? मशीन बंदच आहे तर धूळ काढू, म्हणून त्या शनिवारी झाकण मीच उघडलं होतं. केबलची क्लिप तेव्हाच तुटली.

काढून टाकलेली डिस्क आता टेस्ट मशीनमध्ये आहे. १९९ समोर अजून ३१२.