लॅटेक्सची कड लपवायची तर

घरी मेकअपने केलेला परग्रहवासी नकली वाटतो तो बहुतेकदा रंगामुळे नाही, तर कपाळावर चिकटवलेल्या रबरी तुकड्याची जाड कड दिसते म्हणून. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात लिक्विड लॅटेक्स (म्हणजे द्रव रबर) स्पंजने थापताना मधोमध सहा-सात थर द्या, पण कडेकडे थर कमी करत जा. शेवटचा सेंटिमीटरभर भाग एकाच थराचा हवा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. ओला थर दुधासारखा पांढरा दिसतो. तो पिवळसर, अर्धपारदर्शक झाला की मगच पुढचा. साच्यातून सोडवताना टाल्कम पावडर भुरभुरत राहा, नाहीतर लॅटेक्स स्वतःलाच चिकटतं आणि सुटत नाही. माझा एक अख्खा टोकदार कान असाच वाया गेला.

चेहऱ्यावर बसवल्यावर कडेवरून लॅटेक्सचा पातळ हात फिरवा, वाळवा, पावडर मारा, मग रंग. व्हॅसलीन किंवा मिनरल ऑइल असलेला मेकअप त्यावर नको, रबर मऊ पडतं. भुवयांना मात्र आधी व्हॅसलीन चोपडा. नाहीतर काढताना भुवयाही येतील.

आदल्या दिवशी मनगटावर थेंब लावून बघा. रबराची अ‍ॅलर्जी असेल तर लॅटेक्स वापरूच नका. आणि खिडकी उघडी ठेवा, लॅटेक्समधल्या अमोनियाने डोळे चुरचुरतात.