साइट हलकी करायचं काम : बेळगावातून या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी

‘सस्टेनेबल वेब’, म्हणजे कमी वीज आणि कमी डाटा खाणाऱ्या साइटी करायचं काम, म्हटलं की हिरव्या पानांचे लोगो आणि पवनचक्क्यांचे फोटो समोर येतात, आणि हे आपल्या भागातलं काम नव्हे असं वाटून माणूस पुढे जातो. पण जुलैमध्ये कणकुंबी-जांबोटीकडे उभं राहून एखादी साइट उघडून बघा. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, लाइट गेलेली, रेंजची एखादीच काडी आणि हातात जुना फोन. “गोल गोल फिरालंय नुस्तं, उघडंनाच बघ की,” हे वाक्य तिथे ऐकलं की या क्षेत्राची निम्मी ओळख होते.

नव्याने येणाऱ्याला मी एकच गोष्ट आधी सांगतो: सुरुवात सर्व्हरपासून करू नका, फोनपासून करा. जगभरच्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या साधारण दीड टक्का, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. आकडा मोठाच आहे. पण खानापूर तालुक्यातल्या एका सहकारी सोसायटीच्या साइटचा त्यातला वाटा नगण्य. उलट, स्मार्टफोनच्या आयुष्यभराच्या कार्बनपैकी बहुतांश भाग तो कारखान्यात तयार होतानाच खर्ची पडलेला असतो. तो फोन आणखी दोन वर्षं चालला तर फायदा खरा. आणि लोक फोन बदलतात ते बऱ्याचदा तो फुटला म्हणून नव्हे, तर ‘स्लो झालाय’ म्हणून. त्या स्लो होण्यात आपल्या जड साइटींचा आणि ॲपांचा हात असतो.

त्यामुळे कुणी “आमच्या मंडळाचं ॲप काढून द्या” म्हटलं तर आधी नको म्हणायला शिका. गुड मॉर्निंगच्या फुलांनी भरलेल्या ३२ जीबीच्या फोनात तुमच्या ॲपला जागा नसते. व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवलेले चार ओळींचे मेसेज अनेकदा पुरतात.

आता कामाचा भाग. आपल्याकडे सर्वाधिक वाया जाणारा डाटा कुठे जातो, तर नोटिशीत. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस डीटीपीवाला श्रीलिपीत, म्हणजे छपाईसाठीच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात, करतो, तिची जेपीजी काढतो आणि ती तशीच साइटवर चढते. दोन-तीन एमबी सहज. ती स्क्रीन रीडरला (अंधांसाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येत नाही, शोधून सापडत नाही, मोबाइलवर बोटांनी मोठी करत सरकवत वाचावी लागते. तीच नोटीस युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मजकूर म्हणून दिसेल अशी, टाइप केली तर काय होतं बघा. युटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार ३ बाइट घेतात. इंग्रजीचं अक्षर एकच बाइट. तरीही दोन हजार चिन्हांची नोटीस ६ केबीत बसते आणि सर्व्हरने कॉम्प्रेस करून पाठवली की आणखी कमी होते. म्हणजे शेकडो पटींचा फरक, तोही एका माणसाच्या तासाभराच्या टायपिंगने. श्रीलिपीचा मजकूर कन्व्हर्टरमधून काढलात तर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासा. घोळ तिथेच होतो, आणि सभासदाच्या आडनावातला रफार गेला तर तो ऑफिसात येऊन ऐकवून जातो.

दुसरी जड गोष्ट फॉन्ट. जोडाक्षरांमुळे देवनागरीच्या फॉन्टची फाइल रोमनपेक्षा मोठी असते, आणि डिझायनर हौसेने चार-पाच जाडीचे फॉन्ट लावतो. अँड्रॉइडमध्ये नोटोचा देवनागरी फॉन्ट, विंडोजमध्ये निर्मला आधीच असतो. पतसंस्थेच्या व्याजदराच्या तक्त्याला त्यापलीकडे काही लागत नाही. वेगळाच फॉन्ट हवा असेल तर एकच जाडी घ्या, वॉफ-२ या वेबसाठीच्या हलक्या फॉन्ट-फाइलीत द्या. फोटो वेबपी किंवा ॲव्हिफमध्ये, या जेपीजीपेक्षा हलक्या फाइली. होमपेजवरचा सरकता स्लायडर काढा. चेअरमनच्या फोटोवरून वाद होईल. तो वाद घाला.

भाषेचा प्रश्न इथे टाळता येत नाही. मराठी शाळेत शिकलेली आजी, कन्नड माध्यमात शिकलेला नातू आणि इंग्रजीत अर्ज भरणारी सून, तिघं एकाच घरात असतात. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या राष्ट्रीय तरतुदींनुसार जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोक जी भाषा बोलतात, तिच्यातही महत्त्वाचे नियम आणि सूचना द्यायला हव्यात. त्याचं राजकारण बाजूला ठेवा, खासगी संस्थेच्या साइटला तरी कुणी अडवलेलं नाही. मात्र सगळी पानं तीन भाषांत करायला गेलात तर दोन भाषांतली पानं वर्षभरात शिळी होतात. पैसे, तारखा, तक्रार आणि संपर्क एवढी पानं तिन्ही भाषांत माणसाकडून लिहून घ्या, बाकी एका भाषेत राहू द्या. मराठी पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवा, नाहीतर स्क्रीन रीडर ते हिंदीच्या आवाजात वाचायची शक्यता असते.

मोजायला शिकणं फार अवघड नाही. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडा, वेग मुद्दाम कमी करा आणि कोणती फाइल किती खाते ते बघा. कार्बनचे ग्राम सांगणारे कॅल्क्युलेटर मिळतात. ग्रीन वेब फाउंडेशनची ‘सीओटू.जेएस’ ही लायब्ररीही (असा हिशेब करणारा तयार कोड) मोफत आहे. हे आकडे मुख्यतः किती डाटा गेला त्यावरून काढलेले अंदाज असतात, त्यामुळे दशांशापर्यंत भांडत बसू नये. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या वेब सस्टेनेबिलिटी गाइडलाइन्सचा पहिला मसुदा सप्टेंबर २०२३ मध्ये आला. तो वाचाच, निदान डिझाइन आणि व्यवसायाचे भाग तरी.

पैशांचं स्पष्ट बोलू. नुसत्या ‘ग्रीन साइट’ला इथे कुणी जादा पैसे देत नाही. पैसे ॲक्सेसिबिलिटीत, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येतील अशा साइटी करण्यात, आहेत. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. युरोपचा ॲक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला, त्यामुळे तिकडच्या दुकानांच्या साइटी करणाऱ्या इथल्या मुलांनाही तो लागतो. डब्ल्यूसीएजी २.२ ही डब्ल्यूथ्रीसीची ॲक्सेसिबिलिटीची नियमावली नीट शिकलात तर हलकं पान आपोआप हाताला लागतं, कारण सुटसुटीत कोड दोन्हीकडे लागतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांशी मात्र कार्बनवर बोलता येतं. युरोपने ऑक्टोबर २०२३ पासून आयात लोखंड-पोलादाच्या उत्सर्जनाची माहिती मागायला सुरुवात केली, तेव्हा हा हिशेब त्यांच्या कानावरून गेलेला असतो. पतसंस्थेच्या चेअरमनसमोर तो काढू नका; तिथे होस्टिंगचं बिल आणि पान उघडायला लागणारा वेळ दाखवा.

शेवटचं, आणि यावर कोर्समध्ये कुणी बोलत नाही: तुम्ही पुण्याला किंवा बेंगळुरूला गेल्यावर ती साइट कोण बघणार? एका वाचनालयाचं डोमेन (साइटचा पत्ता) नोकरीला गेलेल्या पोराच्या खासगी ईमेलवर होतं. रिन्यूअलची आठवण त्यालाच जायची. मुदत संपली आणि त्या नावावर जुगाराची साइट सुरू झाली. म्हणून डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर घ्या. प्लगइनांचा (वरून जोडायच्या तुकड्यांचा) ढीग लागणारी यंत्रणा देण्यापेक्षा साधी स्टॅटिक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली, पानं द्या, ती पाच वर्षं कुणी हात लावला नाही तरी सहसा चालतात. पासवर्ड, रिन्यूअलची तारीख आणि नोटीस कशी चढवायची हे मराठीत एका कागदावर लिहून क्लार्कच्या हातात द्या, आणि त्याच्याकडून एक नोटीस तुमच्यासमोर चढवून घेतल्यावरच शेवटचं बिल लावा.