लिफ्ट केलेल्या गाडीच्या स्टिअरिंगचा दोष शोधताना या चुका टाळा

मारुतीच्या जिप्सी किंवा जिम्नीला लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारे सुटे भाग) आणि मोठे टायर बसवले की काही दिवसांतच मालकाच्या तक्रारी सुरू होतात. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, मोकळ्या रस्त्यावर गाडी भरकटते, किंवा ठरावीक वेगात खड्डा लागला की पुढची चाके जोरात थरथरू लागतात. या तिन्ही तक्रारींची मुळे बहुधा वेगवेगळी असतात, पण इलाज मात्र एकच सुचवला जातो, तो म्हणजे व्हील अलाइनमेंट. या दोन्ही गाड्यांना पुढे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड अ‍ॅक्सल आहे. त्यामुळे अलाइनमेंटवाल्याला प्रत्यक्षात फक्त टो, म्हणजे वरून पाहता पुढची चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप, बदलता येतो. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते तो बाजूने पाहता मागे किती झुकला आहे तो कोन) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) बदलण्याची सोय मूळ रचनेत नाही. गाडी चारदा मशीनवर चढवली तरी कॅस्टरचा दोष जागचा हलत नाही, हे आधी लक्षात घेतलेले बरे.

कॅस्टर न मोजता किट बसवणे

जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सल दोन लांब हातांनी (दांड्यांनी) चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेला असतो आणि या हातांचा चासीकडील बुश (रबरी सांधा) अ‍ॅक्सलच्या मागे असतो. चासी वर उचलली की हात पुढच्या बाजूला उतरते होतात, त्यांच्याबरोबर संपूर्ण अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. हिशेब साधा आहे. बुशपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत ८०० मिमी अंतर धरले, तर ५० मिमीच्या लिफ्टमध्ये जवळजवळ साडेतीन अंशांचा फरक पडतो. मूळ कॅस्टरच काही अंशांचा असताना एवढी घट झाली, तर चाकाला सरळ रेषेत परत आणणारे बळ उरणार तरी किती? जिप्सीला पुढे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) आहेत आणि त्यांचे शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कड्या) पुढच्या टोकाला आहेत, त्यामुळे नुसते लांब शॅकल लावून उंची वाढवली तरी कॅस्टर घटतोच. स्वस्तातला म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे, पण माझ्या मते पुढच्या बाजूला तो करूच नये.

म्हणून किट बसवण्याआधीच कॅस्टर मोजून कागद जपून ठेवावा आणि बसवल्यावर पुन्हा मोजावा. घट भरून काढण्यासाठी जिम्नीत कॅस्टर करेक्शन बुश किंवा खाली उतरवलेले ब्रॅकेट, तर जिप्सीत पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर वापरतात. मात्र कॅस्टर वाढवताना डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) तोंड खाली झुकते आणि त्याला फिरवणाऱ्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती केल्यास शाफ्टची थरथर सुरू होते आणि तीच स्टिअरिंगची समजून पुन्हा नवा शोध सुरू होतो.

पॅनहार्ड रॉड आणि ड्रॅग लिंक यांचा वेगवेगळा विचार करणे

जिम्नीच्या अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड लिफ्टनंतर अधिक तिरपा होतो आणि अ‍ॅक्सलला स्वतःच्या चासीकडील टोकाच्या दिशेने ओढतो. रॉड ८०० मिमी लांब असेल आणि त्याच्या दोन टोकांच्या उंचीतला फरक ५० मिमीवरून १०० मिमीवर गेला, तर अ‍ॅक्सल सुमारे ५ मिमी सरकतो. एवढ्याने गाडी बिघडत नाही. खरी अडचण येते ती पुढच्या पायरीवर. कुणी पॅनहार्ड रॉडचे एक टोक नव्या ब्रॅकेटवर घेतो, पण ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सची हालचाल चाकापर्यंत पोहोचवणारा दांडा, जुन्याच कोनात राहते. हे दोन्ही दांडे एकमेकांना समांतर आणि शक्य तितके सारख्या लांबीचे असले, तरच स्प्रिंग दबताना ते सारख्या कमानीत फिरतात. त्यांचे कोन वेगळे झाले की प्रत्येक उंचवट्यावर चालकाने हात न हलवताही चाके वळतात. गाडी सपाट जमिनीवर उभी करून समोरून वाकून पाहिले, तर दोन्ही दांड्यांच्या कोनांतला फरक डोळ्यांनाही दिसतो.

थरथरीवर डॅम्परचा उतारा

साधारण ताशी ६० ते ८० किमी वेगात एका धक्क्याने सुरू होणारी आणि वेग बराच कमी होईपर्यंत न थांबणारी थरथर अत्यंत धोकादायक असते. अशा वेळी स्टिअरिंग घट्ट धरून, जोरात ब्रेक न मारता वेग उतरवावा. त्यानंतर गॅरेजमध्ये सर्वात आधी सुचवला जातो तो नवा, जाड स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर). डॅम्पर थरथर दाबतो, तिचे कारण काढत नाही. कारण बहुधा टायरचे बॅलन्सिंग, किंगपिनचे (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळते त्या खिळ्याचे) ढिले बेअरिंग, चाकाचे बेअरिंग, टाय रॉड एंड (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) किंवा पॅनहार्ड रॉडचा बुश यांपैकी एखाद्या ठिकाणी असते. कधी यातली दोन कारणे एकत्र असतात.

ते शोधण्याची खात्रीची पद्धत अशी. गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी ठेवावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना अडण लावावी आणि इंजिन सुरू करून एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे, सतत हलवत राहावे. दुसऱ्याने पुढून खाली डोकावून एकेका जॉइंटवर बोटे अशी ठेवावीत की निम्मे बोट दांड्यावर आणि निम्मे समोरच्या भागावर येईल. ढिलाई असेल तर दोन भाग वेगवेगळे हलल्याचे बोटाला लगेच कळते. पॅनहार्ड रॉडच्या बोल्टभोवती गंज घासून चकचकीत झालेले वर्तुळ दिसले, तर भोक मोठे झाले आहे असा संशय घ्यावा. तिथे नुसता बोल्ट आवळून भागत नाही. चाक जॅकवर अधांतरी ठेवून केलेल्या तपासणीत बुशवर भार नसतो, त्यामुळे हा दोष अनेकदा निसटतो. किंगपिन आणि चाकाचे बेअरिंग पाहण्यासाठी मात्र चाक उचलावेच लागते. चाक वर-खाली धरून हलवताना दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा.

स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळणे

स्टिअरिंगमध्ये प्ले (मोकळा खेळ) वाटला की बॉक्सवरचा स्क्रू थोडा आवळून देणारे मेकॅनिक अनेक आहेत. जॉइंटचा खेळ तसाच ठेवून हा स्क्रू आवळला, तर आतले गिअर मध्यभागी अडकू लागतात आणि स्टिअरिंग परत येणे आणखी कमी होते. मग कॅस्टर योग्य असूनही कमी असल्यासारखा भासतो. सर्व जॉइंट ठीक असल्याची खात्री झाल्याशिवाय त्या स्क्रूला हात लावू देऊ नये.

अधांतरी गाडीवर बुश आवळणे

या चुकीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. रबरी बुशची आतली नळी बोल्ट आवळल्यावर जागच्या जागी पकडली जाते. गाडी जॅकवर, अ‍ॅक्सल लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरताच प्रत्येक बुशला कायमचा पीळ बसतो आणि रबर लवकर फाटते. बोल्ट आधी नुसते बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, दोन-चार वेळा दाबून बसू द्यावी आणि मगच टॉर्क रेंचने आवळावेत.

ओढ म्हणजे अलाइनमेंट बिघडले असे धरणे

गाडी एका बाजूला ओढत असेल, तर प्रथम हवा तपासावी आणि पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी बसवून पाहावे, अर्थात टायर एकदिशी नसतील तरच. ओढीची बाजू बदलली तर दोष टायरचा आहे. पाणी वाहून जावे म्हणून आपल्याकडे रस्ता डावीकडे उतरता असतो, त्यामुळे डावीकडची किंचित ओढ दोष मानू नये. थोडे चालवून एका बाजूचे चाक जास्त तापलेले आढळल्यास ब्रेक अडकतो आहे का ते पाहावे.

हे सर्व झाल्यावरच टो बसवावा. टायर मोठे असल्यास मिलिमीटरऐवजी अंशांत माप मागावे, कारण व्यास बदलला की मिलिमीटरचा अर्थही बदलतो. स्टिअरिंग व्हील वाकडे राहिले, तर ते काढून सरळ न बसवता ड्रॅग लिंकची लांबी बदलून मध्यावर आणावे. ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या जिम्नीत व्हील काढून फिरवल्यास सेन्सरला गाडी सतत वळते आहे असे वाटू शकते, म्हणून काम संपल्यावर स्टिअरिंग अँगल सेन्सरचे कॅलिब्रेशन स्कॅनरवर तपासून घ्यावे.