हिरव्या दिव्याखाली बेन्झोथायोफीन: फोटोकेमिस्ट्रीत नव्याने येणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी गाईडनी दिलेलं काम कागदावर सोपं दिसत होतं. ऑर्थो-मिथाइलथायो डायझोनियम क्षार (नायट्रोजनची जोडी बांधलेला) आणि अल्काइन (कार्बन-कार्बन तिहेरी बंध असलेलं संयुग) डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचे, चिमूटभर इओसिन वाय हे रंगद्रव्य घालायचं, हिरवा एलईडी लावायचा आणि बेन्झोथायोफीन (गंधक असलेलं दुहेरी कड्याचं संयुग) मिळवायचं. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या बुर्कहार्ड क्योनिग यांच्या गटाने 2012 मध्ये हे करून दाखवलं. त्या पेपरवर पहिलं नाव दुर्गा प्रसाद हरी यांचं आहे. पॅलेडियम नाही, रुथेनियम नाही. पॅथॉलॉजीत पेशींचे काप गुलाबी करणारं रंगद्रव्य तेवढं लागतं.

आत काय घडतं ते आधी वहीत अर्ध्या टोकाचे बाण (एकेका इलेक्ट्रॉनची हालचाल दाखवणारे) काढून समजून घ्या. इओसिन 530 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषून उत्तेजित होतं आणि डायझोनियमला एक इलेक्ट्रॉन देतं. नायट्रोजन निघून जातो, अराइल रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेला तुकडा) उरतो, तो अल्काइनला जोडला जातो. तयार झालेला नवा रॅडिकल शेजारच्या गंधकावर येतो, कडं बंद होतं, आणि शेवटी मिथाइल सुटतो.

माझे पहिले तीन आठवडे ऑक्सिजनने खाल्ले. मी नुसता नायट्रोजनचा फुगा लावत होते. विरघळलेला ऑक्सिजन उत्तेजित इओसिनला शांत करून टाकतो, हे पुस्तकात वाचलेलं असूनही हाताला माहीत नव्हतं. द्रावण गोठवून, व्हॅक्यूम ओढून, पुन्हा वितळवून असं तीनदा केल्यावर टीएलसीवर (मिश्रणातले घटक ठिपक्यांत वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर) उत्पादनाचा पहिला ठिपका दिसला. (डीएमएसओ साडेअठरा अंशांनाच गोठतो, जानेवारीत सकाळी बाटली फडताळातच घट्ट झालेली सापडते. घाबरू नका, कोमट पाण्यात ठेवा.)

मग दुसरी अडचण आली. तुलनेसाठी फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवलेल्या व्हायलमध्येही (छोट्या बाटलीतही) फिकट ठिपका आला! प्रकाश नसताना उत्पादन कसं? एलईडीजवळचा ब्लॉक हाताला गरम लागत होता, आणि डायझोनियम उष्णतेनेही तुटतो. पंखा लावल्यावर तो ठिपका गेला. म्हणून अंधारातली व्हायल कपाटात ठेवू नका. दिव्याखालीच, त्याच ब्लॉकमध्ये, फॉइल लावून ठेवा, म्हणजे उष्णता दोघींना सारखी मिळेल. दिवा आणि व्हायल यांतलं अंतरही पट्टीने मोजून लिहा. 'जवळ' असं लिहिलेला प्रयोग पुढच्या महिन्यात तुम्हाला स्वतःलाच जमणार नाही.

रॅडिकल खरंच आहे का, हे टेम्पो (रॅडिकल पकडणारं संयुग) घालून बघा: अभिक्रिया थांबली आणि टेम्पोला अडकलेला तुकडा मास स्पेक्ट्रममध्ये दिसला, तर पुरावा भक्कम होतो.

डायझोनियमची मात्र मनापासून काळजी घ्या. कोरडा क्षार स्फोट करू शकतो. लागेल तेवढाच बनवा, फ्रीजरमध्ये ठेवा, धातूच्या स्पॅच्युलाने खरवडू नका. आणि 'धातुविरहित' असं लिहिणार असाल तर स्टिरबार (द्रावण ढवळणारा चुंबक) नवा घ्या. जुन्याच्या ओरखड्यांत आधीच्या कुणाचं तरी पॅलेडियम बसलेलं असू शकतं.