इंजिनांची लढत: निकाल रोज का फिरत होता?
ठाण्यात दुपारी लॅपटॉप नुसता भाजतो. स्टॉकफिश या बुद्धिबळ खेळणाऱ्या इंजिनाच्या (प्रोग्रामच्या) दोन आवृत्त्या क्यूटचेस या इंजिनांचे सामने लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर लढवल्या, तर रात्री एक सरस, दुपारी दुसरी. लॉग (डावांची नोंद) उघडल्यावर खरी गोम कळली: बरेच डाव वेळ संपल्यामुळे हरले होते! चार कोअरच्या प्रोसेसरवर आठ डाव एकदम चालू होते. आता एकावेळी तीनच डाव, प्रत्येक इंजिनाला एक थ्रेड (म्हणजे एका वेळी एकच कोअर) आणि दर खेळीला थोडा जादा वेळ. प्रत्येक ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्या) रंग बदलून दोनदा, कारण पांढऱ्याला मुळातच फायदा असतो. मग एकच आवृत्ती स्वतःशीच लढवली. निकाल बरोबरीच्या आसपास आला, तेव्हा जिवात जीव आला. शंभर डावांत मात्र पन्नासएक एलो (खेळाची ताकद मोजणारे गुण) इकडेतिकडे सहज होतात. पाच एलोचा फरक पकडायला हजारो डाव लागतात.